तीन बोटांचं तोंड

उमाळकरकाका पहिल्याच भेटीत माणसाला दोन प्रश्न विचारतात. माणूस मराठी असेल तर आधी, "बदली कधी?" आणि मग तो कुठल्याही प्रांताचा असो, "तुमच्या तोंडात तीन बोटं जातात का?"

समोरचा गोंधळतो. तोवर काकांनी स्वतःची तीन बोटं एकावर एक रचून त्याच्या नाकासमोर धरलेली असतात. "अशी, उभी घाला. वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत. जातात? पास! देवानं दिलेला चांगला माल आहे, सांभाळा." नापास झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा पास झाला, वीजमीटर वाचायला येणारा पास झाला. आमच्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे बीजींनी, तर फाटकात उभ्या राहून परीक्षा दिली आणि वर ऐकवलं, "चार वी चली जांदियां ने, भाजी!" म्हणजे, चारसुद्धा जातात, भाऊ!

नापास एकटे काका. त्यांच्या तोंडात जेमतेम दीड बोट जातं, आणि तेही 'कट्' असा आवाज होऊन. उजव्या कानाच्या पुढे, जिथे जबडा कवटीला अडकवलेला असतो, तिथून तो आवाज येतो. नवी सुटकेस बंद केल्यासारखा.

मी चंडीगढला बदलून आले तेव्हा बीजींच्या कोठीतला, म्हणजे बंगल्यातला, सगळ्यात वरचा मजला भाड्यानं घेतला. सेक्टर त्रेचाळीसचा बस स्टँड जवळ, ऑफिसला जायला सोपं, पाणी दोन्ही वेळा. केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आयुष्य काढल्यामुळे मी कुठलंही काम यादी केल्याशिवाय करत नाही. नवरा सांगलीत शाळा सांभाळतो, मुलगी पुण्यात शिकते, आणि मी याद्यांच्या बळावर एकटी राहते. पहिल्या दिवशी एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात झाडू घेऊन जिना चढत होते, तर मधल्या मजल्याचं दार उघडलं आणि एक उंच, हाडकुळे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ बाहेर आले.

"मराठी ना? सामानावर नाव पाहिलं. मी उमाळकर. अकोला. बदली कधी?"

"काका, मी आजच आलेय."

"ते दिसून राहिलं. जायचं कधी?"

"तीन वर्षांनी."

काकांनी मान हलवली. "कमी आहे," म्हणाले, जसं काही मी पोतंभर गहू कबूल करून अर्धंच पोतं आणलं होतं.

गव्हाची उपमा मी उगाच देत नाही. काका सरकारी धान्यगोदामांवर प्रतवारी तपासणारे इन्स्पेक्टर होते. पंजाबातल्या मंड्यांमध्ये सगळी नोकरी गेली. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, तिला इकडे परखी म्हणतात. तिच्यातून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे आणि चार दाणे दाताखाली फोडायचे. ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण काकांचा विश्वास दाढेवर. "दाणा कडक वाजला पाहिजे, ताई. दबला की समजायचं, ओला. रिजेक्ट!" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जग त्यांच्यासाठी दोनच प्रकारचं आहे. पास आणि रिजेक्ट. बीजींचा राजमा पास, इथलं वरण रिजेक्ट. इथली थंडी पास, धुकं रिजेक्ट.

आणि जबडा? "नोकरीभर मी गहू चावला," काका म्हणतात, "आता गहू मले चावून राहिला."

बाहेर असताना काका बोलायचे थांबत नाहीत. जिन्यात बोलतात, फाटकात बोलतात, भाजीच्या रेहडीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, तर सभाच भरवतात. शेजारी कुमुदकाकू उभ्या असतात. गोऱ्या, ठेंगण्या, अंगावर घट्ट शाल. काकूंना कुणी काही विचारलं की उत्तर काका देतात. "काकू, तब्येत कशी?" "चांगली आहे, गुडघा थोडा धरतो." "आंटीजी, गोभी ले लो!" "नहीं जी, आंटी को गोभी सूट नहीं करती." काकू नुसत्या हसतात आणि आत जातात. आमच्या ऑफिसातल्या बायका असत्या तर काकांना परखीनं टोचलं असतं.

पण घराचं दार लागलं की चमत्कार. त्या मजल्यावरून एक शब्द ऐकू येत नाही. भांडं वाजतं, नळ वाजतो, माणूस वाजत नाही. मी मनाशी नोंद केली, नवराबायकोचा अबोला दिसतो. जगासाठी एवढं तोंड आणि बायकोसाठी एक अक्षर नाही.

दुखणं कधी सुरू झालं ते काकांनाही नक्की सांगता येत नाही. ते गाडीसारखं होतं म्हणे. "दाढेपाशी चढते, कानात थांबते, कपाळात उतरते. मंग दिवसभर तिथंच मुक्काम." सकाळी उठताना दातखीळ बसल्यासारखा जबडा जड, दुपारी कानशिलं ठणकायची, संध्याकाळी डोळे उघडवत नाहीत. भाकरी सुटली. आधी दुधात कुसकरलेली, मग तीही सुटली, आणि काकू रोज मऊ भात शिजवू लागल्या.

काकांचा मुलगा प्रशांत विमानतळाजवळच्या एअरोसिटीत राहतो. चांगला मुलगा आहे, फोन रोज करतो, पण कंपनी त्याला महिन्यातले निम्मे दिवस विमानात बसवते. तेव्हा डॉक्टरांची यादी मी हातात घेतली. मला वाटलं, ओळीनं टिकमार्क करत गेलं की शेवटच्या ओळीला दुखणं थांबणार. दुखण्याला माझ्या पद्धतीची माहिती नव्हती.

कान दुखतो म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडे. त्यांनी कानावर यंत्रं लावून ऐकण्याची परीक्षा घेतली. काका बाहेर आले ते छाती काढून. "कान फर्स्टक्लास! दोघांना पुरून उरेल इतकं ऐकू येते म्हणाले." दुखणं तसंच. मग डोळ्यांचे डॉक्टर. चष्मा बदलला, आता दुखणं जास्त स्पष्ट दिसू लागलं, असं काका म्हणाले. मग सायनस समजून वाफारे. मग अर्धशिशी समजून गोळ्या. त्या घेऊन काका बीजींच्या दारातल्या खुर्चीवरच झोपायचे. मग मेंदूचे मोठे डॉक्टर. त्यांनी काकांना बोगद्यात घालून डोक्याचे फोटो काढले. "मेंदू पास," काका म्हणाले. यावेळी छाती काढली नाही.

मार्केटातल्या दाताच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. दाढ गेली, दुखणं तिच्या जागी ऐसपैस बसलं. शेवटी मला न सांगता काका इंडस्ट्रियल एरियात एका पहलवानाकडे जाऊन आले. तो एका वर्कशॉपच्या मागे बसून कामगारांचे निखळलेले खांदे बसवतो. त्यानं काकांची हनुवटी दोन्ही हातांत धरली, "ओ जी, घबराणा नहीं" म्हणाला आणि झटका दिला. चार दिवस काका पाणीसुद्धा चमच्यानं प्यायले.

त्यानंतर ते जिन्याच्या कठड्याला कपाळ टेकून उभे राहायचे. लोखंड गार लागतं म्हणून. मी ऑफिसातून आले की काका मान न उचलता म्हणायचे, "ताई, मीच रिजेक्ट झालो वाटते."

हे ऐकलं की मी घरी जाऊन नवी यादी करायचे. दुसरं काय करणार? सूचनांची एक यादी मी त्यांच्या फ्रिजवरही चिकटवली. गरम शेक, कडक खाणं बंद, जांभई देताना हनुवटीला मूठ लावणे, आणि ठळक अक्षरांत, उन्हाकडे पाठ करून बसणे. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सगळी बिऱ्हाडं गच्चीवर ऊन खायला बसतात. शहाणी माणसं पाठ शेकतात. काका मात्र थेट सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून बसायचे. कपाळ फुटत असलेल्या माणसानं उन्हाकडे बघत बसायचं म्हणजे कमाल. मी रागावले की काका खुर्ची फिरवायचे, मी जिना उतरले की पुन्हा होती तशी.

एका रविवारी धुकं उशिरा उठलं. मी धुतलेल्या चादरींची बादली घेऊन गच्चीवर गेले आणि टाकीच्या आडच थबकले.

काका उन्हाकडे तोंड करून बसले होते. त्यांच्यासमोर, उन्हाकडे पाठ करून, गुडघ्याला गुडघा लावून काकू. काका बोलत होते. हात हलत होते, भुवया नाचत होत्या, तोंड उघडेल तेवढं वासलं जात होतं, ओठ लांब होत होते, गोल होत होते. आवाज मात्र कणभरही नव्हता. मी ओळखलं, सकाळी फाटकात बीजी आणि भाजीवाला यांचं मटारच्या भावावरून जे जुंपलं होतं, ते काका बीजींच्या मुद्रेसकट उभं करत होते. काकू त्यांच्या ओठांवरून नजर हलवत नव्हत्या. मध्येच त्या खुदकन हसल्या आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "मंग? वजन कमी भरलं का?"

काकांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्या सबंध संभाषणात काकांच्या बाजूनं ऐकू येणारा आवाज एकच होता.

कट्.

दर दोन-तीन शब्दांनी, कट्. आणि दर वेळी डोळ्यांच्या कडेला एक बारीक सुरकुती उठायची, जी काकूंना ऊन लागल्यासारखी वाटावी.

मी चादरी ओल्याच खाली घेऊन आले.

पुढच्याच आठवड्यात डेंटल हॉस्पिटलची तारीख होती. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी काकांच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली, तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं आणि दोन मिनिटांत सांगून टाकलं. "अंकल जी, न कान है, न दाँत, न दिमाग़. ये आपका जबड़े का जोड़ है. अंदर की गद्दी खिसक गई है. सिरदर्द यहीं से जाता है."

एवढी भटकंती करून दुखण्याला नाव मिळालं होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पास," ते पुटपुटले. डॉक्टरीणबाईंना कळलं नाही, पण त्या पास झाल्या होत्या.

"मुँह पूरा खोल के बोलते हो क्या? गाना-वाना गाते हो?"

"नहीं जी. गेहूँ चबाता था," काका म्हणाले.

"गेहूँ से इतना नहीं होता. देखो, ये प्लेट दाँतों पर लगानी है, दिन-रात. और छह हफ़्ते बोलना कम से कम. मुँह चौड़ा बिल्कुल नहीं खोलना. नहीं तो एक दिन लॉक हो जाएगा, फिर खुलेगा ही नहीं. घर में कौन है?"

"मिसेस."

"बस, तो मिसेस से कहो अब वो बोलें, आप सुनो. उनको भी मौक़ा दो!" असं म्हणून त्या हसल्या. सगळ्या बायकांच्या वतीनं.

मी बोलायला तोंड उघडलं तर काकांचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट. नजर समोरच.

परतताना ऑटोत त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "गच्चीवर तुमची बादली दिसली होती मले."

"काकूंना अजिबात ऐकू येत नाही?"

"नाही. एक ताप आला होता, त्याच्यात नस गेली. मशीन लावून पाहिली, नुसती घरघर." ते एका हातानं जबडा धरून, शब्द जपून सोडत होते. "कोनाले सांगू नका. तिले नाही आवडत. एकदा लोकांनी बहिरी म्हटलं की मंग बोलणं सोडतात तुमच्याशी. हातवारे करतात. म्हणून मी आधीच बोलून टाकतो."

"आणि प्रशांत?"

"त्याले वाटते, कमी येते. चांगला आहे हो पोरगा. सूनही चांगली आहे. पण बोलणं सगळं हिंदीत, इंग्रजीत. तिले ओठावरचं फक्त मराठी वाचता येते. त्यांच्या घरी राहिलो होतो आम्ही. ती सगळ्यांकडे पाहत बसायची, आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे पाहावं तशी. म्हणून इथं खोली घेतली."

"मग अकोल्याला का नाही गेलात?"

"अकोल्याचं घर प्रशांतच्या फ्लॅटात गेलं. आणि तिथं तरी आता कोन राहिलं?" ऑटो चौकात थांबला. चारी बाजूंनी हॉर्न. काका त्या गोंगाटात अगदी हळू म्हणाले, "या एवढ्या शहरात तिले ऐकू येणारा मी एकटा माणूस आहे, ताई. तेच तोंड लॉक झालं तर?"



प्लेट आली. पारदर्शक, खालच्या दातांवर बसणारी. ती लावली की काकांचे ओठ पुढे यायचे. काकू म्हणाल्या, कुणी परका माणूस बोलतोय असं वाटतं, काही अर्थ लागत नाही. झालं. काका प्लेट काढून डबीत ठेवू लागले. दहा दिवसांनी डॉक्टरीणबाई ओरडल्या, "अंकल जी, आप लगा ही नहीं रहे!" काका खोटं बोलले. जबड्याला खोटं जमलं नाही. तोंडात बोट एकच जात होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरात घुसले. दार मी वाजवलं नाही, ढकललं. काकांच्या हातात प्लेटची डबी दिली आणि सांगितलं, "घाला. आजपासून सहा आठवडे ऑफिसातून आल्यावर मी इथे बसणार. काकूंशी मी बोलणार."

काका काही बोलायच्या आत मी खुर्ची ओढून काकूंसमोर बसले, दिव्याकडे तोंड करून. काकूंनी आधी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत 'तुम्ही सांगितलंत?' असं होतं. काकांनी मान खाली घातली. मग काकूंनी शाल सारखी केली आणि माझ्या ओठांकडे पाहिलं.

मी म्हणाले, "आज ऑफिसात फार काम होतं."

काही नाही.

पुन्हा म्हणाले. काकू नम्रपणे हसल्या. भाजीवाल्याकडे बघून हसतात तशा. खात्यातल्या मोठमोठ्या साहेबांसमोर मी आकडे मांडलेत, पण माझ्या तोंडातून एक वाक्य निघून समोरच्यापर्यंत पोचत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ताई, राग नका मानू," काकू म्हणाल्या. "तुमचं तोंड लई कमी उघडते. सांगलीकडचे सगळे असेच बोलतात का?"

कोपऱ्यातून काकांनी तीन बोटं वर केली. एकावर एक, उभी.

मी तोंड उघडलं. तीन बोटं मावतील एवढं. "आ-ज. ऑ-फि-सा-त." शब्द फोडत गेले. चौथ्या दिवशी 'ऑफिस' पोचलं. आठवड्यानं बीजींची नवी सून पोचली, मग मटार, मग माझ्या मुलीची परीक्षा. पोचलं की काकू वाक्य परत म्हणून दाखवायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बरोबर?" माझीही कानशिलं ठणकू लागली. मी ते कुणाला सांगितलं नाही.

काकांचं म्हणाल तर फार फरक नाही. डोकं दुखायचं थोडं कमी आहे, म्हणजे संध्याकाळी डोळे उघडतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सरकलेली गादी परत जागेवर येईलच असं नाही, जपून राहायचं. किती दिवस? त्या खांदे उडवतात. फाटकातल्या सभा बंद झाल्या आहेत. भाजीवाला मला विचारतो, "अंकल नाराज़ हैं क्या?"

काल सहा आठवडे संपले. मी नेहमीसारखी जाऊन बसले. काकूंनी चहा ठेवला, शाल सारखी केली आणि अचानक विचारलं, "ताई, तुमची बदली कधी?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

माझ्या टेबलाच्या खणात बदलीचा कागद आठवड्यापासून आहे. तीन वर्षं काही पुरी होऊ दिली नाहीत. मार्च संपला की नागपूर. मी दिव्याकडे तोंड केलं. खोटं बोलायचं तर ओठ नीट उघडत नाहीत, हे मला तिथे कळलं. दोनदा प्रयत्न केला. मग शब्द सुटा करून म्हणाले, "मा-र्च."

काकू माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही, म्हणून कोपऱ्यात पाहिलं. काका प्लेट लावून भिंतीला टेकून बसले होते, आणि लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं, तसं माझ्या शब्दाबरोबर त्यांचं तोंड नकळत उघडलं होतं. मा-र्च.

"मार्च," काकू म्हणाल्या. "बरोबर?"

काकांच्या कोपऱ्यातून आवाज आला. कट्.